भिंतीच्या पोटातले पाणी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदी अडवून येलदरीचे धरण बांधले आहे. १९६८ साली पूर्ण झालेल्या या धरणाची लांबी चार किलोमीटरहून जास्त आणि पायापासूनची उंची ५१ मीटरच्या घरात आहे. भिंतीचा काही भाग मातीचा, काही दगडी. धरण काठोकाठ भरले की पाणी समुद्रसपाटीपासून ४६१.७७ मीटरवर येते आणि साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर होतो. पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. तिथून निघालेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि पुढे कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारांत पोचते.

पावसाळ्यात इकडच्या माणसांचे कान येलदरीकडे लागलेले असतात. किती टक्के भरले, दहापैकी किती दरवाजे उघडले, किती क्युसेक सोडले, हे आकडे रोज छापून येतात. भिंतीच्या आत पाणी कुठवर चढले आहे, ते मात्र कुणी छापत नाही.

मातीचे धरण पाणी अडवते याचा अर्थ ते मातीत शिरत नाही असा नव्हे. ते शिरतेच. कणाकणांमधल्या फटींतून सावकाश पुढे सरकते आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी बाहेर पडते. हा पाझर किती, त्याची वरची हद्द कुठे आणि बाहेर पडताना त्याला जोर किती, यावर धरणाची तब्येत ठरते. भिंत चिरून बघता येत नाही, म्हणून गणित मांडायचे. पण ते सोडवायला बसण्यापूर्वी एक चौकशी करावी लागते आणि हे प्रकरण त्या चौकशीचेच आहे. आपण जो प्रश्न विचारतो आहोत त्याला उत्तर आहे तरी का? असले तर एकच आहे का? आणि मोजमापात थोडी चूक झाली तर ते उत्तर जागेवर राहील का?

एका धरणावर तीन समीकरणे

दरवाजे उघडले की पुराची लाट सिद्धेश्वरकडे निघते. ती पोचायला वेळ लागतो. तोवर खालच्या गावाला वरच्या दरवाज्यांची खबर नसते. अशा हालचालीची समीकरणे अपास्तीय वर्गात मोडतात. मे महिन्याच्या उन्हात दगडी बांधकाम तापते आणि उष्णता हळूहळू आत मुरते. तिचे समीकरण अन्वस्तीय. या दोन्हींत काळ आहे, त्यामुळे सुरुवातीला काय स्थिती होती ते सांगावे लागते.

तिसरा वर्ग विवृत्तीय समीकरणांचा. सगळी धावपळ संपून जिथे तोल साधला गेला आहे, तिथे ही समीकरणे लागतात. जलाशयाची पातळी पुरेसे दिवस टिकली की भिंतीतला पाझरही स्थिरावतो आणि काल होता तेवढाच आज राहतो. काळ समीकरणातून बाहेर पडतो, उरते फक्त जागा. सुरुवातीची स्थिती विचारण्यात आता अर्थ नाही. विचारायचे ते कडेला काय चालले आहे एवढेच. कडेची ही माहिती म्हणजे सीमा-अटी, आणि सीमा-अटींसकट समीकरण म्हणजे सीमा-मूल्य प्रश्न.

विवृत्तीय समीकरणाचा स्वभाव असा की कडेवरचा प्रत्येक भाग आतल्या प्रत्येक बिंदूवर आपला वचक ठेवतो, आणि तोही एकाच वेळी. पायथ्याचा गाळाने बुजलेला निचरा मोकळा केला की भिंतीच्या माथ्याजवळच्या मातीतला दाबही बदलतो, भले केसाएवढा बदलो. म्हणून हा प्रश्न एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत सोडवत नेता येत नाही. सगळी कड एकदम हिशोबात घ्यावी लागते.

काठावर काय ठाऊक आहे

फ्रान्समधल्या दिजाँ शहराची पाणीपुरवठा योजना आखणारे अभियंते आँरी दार्सी यांनी वाळूच्या उभ्या नळीतून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १८५६ साली नियम मांडला: पाझराचा वेग जलशीर्षाच्या उताराच्या प्रमाणात असतो. जलशीर्ष म्हणजे त्या जागेची उंची अधिक तिथल्या दाबाने पाणी नळीत जेवढे वर चढेल ती उंची. उतार आणि वेग यांना जोडणारा आकडा म्हणजे मातीची पारगम्यता. याला एक साधी गोष्ट जोडायची: मातीच्या कुठल्याही चिमुकल्या तुकड्यात जेवढे पाणी शिरते तेवढेच बाहेर पडते. माती सगळीकडे सारखी असेल तर या दोन वाक्यांतून लाप्लासचे समीकरण निघते. विवृत्तीय घराण्यातले हे सर्वांत थोरले समीकरण.

आता एकाच मातीची भिंत घेऊ, खाली अभेद्य कातळ. पाण्याकडच्या उतारावर जलशीर्ष सगळीकडे तेच, जलाशय भरलेला असेल तर ४६१.७७ मीटर. खोल गेले की दाब वाढतो, पण उंची तेवढीच कमी होते; बेरीज बदलत नाही. इथे राशीची किंमतच ठाऊक आहे. अशा अटीला दिरिक्ले यांचे नाव मिळाले आहे. खालच्या कातळातून पाणी आरपार जात नाही. तिथे जलशीर्ष किती ते माहीत नाही, पण कडेला काटकोनात होणारा प्रवाह शून्य आहे हे माहीत आहे. या तऱ्हेच्या अटीला नॉयमान यांचे नाव आहे. कोरड्या बाजूच्या उतारावर जिथे पाणी पाझरून बाहेर येते, तिथे दाब फक्त हवेचा, म्हणून जलशीर्ष त्या जागेच्या उंचीएवढे. वरची कड उरली; ती अवघड आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

चार बिंदूंचा हिशोब

लाप्लासचे समीकरण एका वाक्यात सांगता येते: प्रत्येक बिंदूवरची किंमत म्हणजे सभोवतालच्या किमतींची सरासरी. मातीचा एक चौरस तुकडा घ्या, वरच्या कडेला जलशीर्ष ४० मीटर, बाकीच्या तिन्ही कडांना ०. आत जाळीचे चार छेदबिंदू धरा, दोन वरच्या ओळीत, दोन खालच्या. प्रत्येकाची किंमत त्याच्या चार शेजाऱ्यांच्या सरासरीएवढी हवी.

सुरुवातीला चौघांनाही ० द्या. वरचा डावा: त्याच्या वर ४०, बाकी तीन शून्ये, सरासरी १०. वरचा उजवा: वर ४०, डावीकडे आत्ताच मिळालेले १०, सरासरी १२.५. खालचा डावा: वर १०, बाकी शून्ये, म्हणजे २.५. खालचा उजवा: १२.५ आणि २.५ यांच्या बेरजेचा चौथा भाग, ३.७५. पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीत वरचे दोन १३.७५ आणि १४.३७५ वर येतात, खालचे दोन ४.३७५ आणि ४.६८७५ वर. फेऱ्या वाढवत गेले की वरचे १५ कडे आणि खालचे ५ कडे सरकतात. ताळा करून पाहा: ४०, ०, १५ आणि ५ यांची सरासरी १५; तसेच १५, ०, ० आणि ५ यांची सरासरी ५. बरोबर जुळते.

दुसरे उत्तर असू शकेल का? समजा आहे. दोन उत्तरांची वजाबाकी करा. कडेवर दोन्ही सारखीच, म्हणून वजाबाकी कडेवर शून्य. आत तिलाही सरासरीचा नियम लागू. ही वजाबाकी आत कुठे धन असेल, तर तिची सर्वांत मोठी किंमत एखाद्या आतल्या बिंदूवर येईल. पण तो बिंदू आपल्या शेजाऱ्यांची सरासरी आहे. सरासरी सर्वांत मोठी असायची तर शेजारी सगळे तेवढेच मोठे हवेत, त्यांचे शेजारीही. असे करत करत कडेपर्यंत येतो आणि तिथे शून्य भेटते. म्हणून वजाबाकी धन असू शकत नाही. याच युक्तिवादाने ऋणही नाही. उत्तर एकच. स्थिर पाझरात भिंतीच्या पोटात जलशीर्षाचा स्वतंत्र उंचवटा किंवा खड्डा तयार होऊ शकत नाही, हे याच विचाराचे दुसरे रूप.

इथे एक मोठी सोय पदरात पडते. चार अज्ञात राशी, चार समीकरणे. शाळेच्या बीजगणिताचाच नियम सांगतो की अशा वेळी उत्तर एकाहून जास्त नसेल, तर ते असतेच. जाळीत चार बिंदू असोत की चार कोटी, एकमेवत्व सिद्ध केले की अस्तित्व फुकटात मिळते. खऱ्या मातीत बिंदू अगणित आहेत, आणि तिथे ही सवलत आपोआप मिळत नाही. ती परत मिळवायला गणिताला सुमारे पन्नास वर्षे झगडावे लागले.

दिरिक्लेच्या तत्त्वाची गोष्ट

एकोणिसाव्या शतकात ग्रीन, गाउस, विल्यम थॉमसन आणि दिरिक्ले या सगळ्यांनी एकच युक्ती वापरली. कडेवर ठरवून दिलेल्या किमती घेणारी आतली सगळी फलने विचारात घ्या. प्रत्येकाची ऊर्जा मोजा, म्हणजे त्याच्या उताराच्या वर्गाची सगळ्या जागेवरची बेरीज. ज्याची ऊर्जा सर्वांत कमी, ते लाप्लासचे समीकरण पाळते. ऊर्जा ऋण होऊ शकत नाही, तेव्हा सर्वांत कमी ऊर्जेचे फलन असणारच. रीमान यांनी १८५१ च्या प्रबंधात ही युक्ती वापरली आणि पुढे तिला आपल्या गुरूचे नाव दिले: दिरिक्लेचे तत्त्व.

‘असणारच’ या शब्दावर १८७० साली बर्लिनमध्ये कार्ल वायरस्ट्रास यांनी बोट ठेवले. त्यांचे उदाहरण रस्त्याच्या भाषेत सांगता येईल. माळावर रस्ता पश्चिमेकडून पूर्वेकडे न्यायचा आहे. पूर्वेचे टोक पश्चिमेच्या टोकापेक्षा उंच. चढाचा खर्च जागेप्रमाणे बदलतो: मधल्या खुणेपासून जितके लांब, तितका महाग, खुणेवर अगदी फुकट. शहाणा कंत्राटदार सगळा चढ खुणेच्या आसपास उरकेल. शंभर मीटरांत उरकला तर खर्च कमी, दहा मीटरांत आणखी कमी, एका मीटरात त्याहून कमी. खर्च शून्याच्या हवा तितका जवळ नेता येतो, पण शून्य खर्चाचा रस्ता नाही, कारण तिथे सरळ कडाच उभा राहील आणि कडा हा रस्ता नव्हे. खर्चाला तळ आहे, पण त्या तळावर कुणी उभे राहू शकत नाही.

यामुळे दिरिक्लेचे तत्त्व खोटे ठरले नाही, बिनपुराव्याचे ठरले. अभियंत्यांचे काम अडले नाही. पाणी पाझरत होते, वीज वाहत होती. पण निसर्गाला उत्तर ठाऊक असणे वेगळे आणि आपण मांडलेल्या समीकरणाला उत्तर असणे वेगळे. समीकरण हे निसर्गाचे आपण काढलेले चित्र आहे. त्यात चूक असेल तर निसर्ग ती सांगायला येत नाही. उत्तर नाही असे सिद्ध झाले, तर चित्रच चुकले एवढे तरी कळते.

सुटकेच्या वाटा अनेकांनी काढल्या. हेर्मान श्वार्त्स यांनी सोपे आकार एकमेकांवर चढवून अवघड आकार सोडवला. आजचे संगणकी कार्यक्रम मोठा प्रश्न तुकड्यांत वाटून घेतात, त्याचे मूळ तिथे आहे. आँरी प्वाँकारे यांनी आणखी एक रीत दिली. १९०० साली डेव्हिड हिल्बर्ट यांनी दिरिक्लेचे तत्त्व नव्याने पायावर उभे केले, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेसाठी तयार केलेल्या आपल्या प्रसिद्ध यादीतल्या विसाव्या प्रश्नात सुचवले की अशा प्रश्नांना उत्तर असतेच, मात्र त्यासाठी ‘उत्तर’ कशाला म्हणायचे याची व्याख्या जरा सैल करावी लागेल.

त्याच सुमारास स्वीडनचे इवार फ्रेडहोम यांनी हरवलेली सवलत परत आणली. त्यांनी दिरिक्ले आणि नॉयमान यांचे प्रश्न अशा वेगळ्या रूपात लिहिले, की ते अगणित अज्ञातांचे असूनही सांत समीकरणांसारखे वागतात. दोनच शक्यता उरतात. शून्य माहितीला शून्य हेच एकमेव उत्तर असेल, तर कुठल्याही माहितीला एक आणि एकच उत्तर आहे. शून्य माहितीलाही शून्याखेरीज उत्तरे असतील, तर दिलेल्या माहितीने काही ठराविक अटी पाळल्या तरच उत्तर आहे, आणि मग ते एकच नसते. फ्रेडहोमचा विकल्प तो हाच.

प्रश्न कुठे फसतो

दुसरी शक्यता धरणावर नेमकी दिसते. समजा भिंतीच्या सगळ्या कडांवर फक्त प्रवाह सांगितला, जलशीर्ष कुठेच नाही. एका बाजूने रोज १०० लिटर आत आणि सगळीकडून मिळून ९० लिटर बाहेर असे आकडे दिले, तर स्थिर उत्तर नाहीच. १० लिटर रोज साचत राहणार. आत १०० आणि बाहेर १०० दिले, तर उत्तर आहे, पण एक नाही. सगळीकडचे जलशीर्ष ५ मीटरने वाढवले तरी उतार तेच राहतात, प्रवाह तोच राहतो. किती पाणी वाहते ते कळेल, दाब किती ते कळणार नाही. निदान एका कडेवर तरी पातळी लागतेच. धरणाच्या मोजपट्टीवरचा तो एक आकडा गणिताला जमिनीला खिळवतो.

दुसरा फास आकाराचा. पोलंडचे स्तानिस्लाव झारेम्बा यांनी १९११ साली दाखवले की चकतीच्या मध्यबिंदूला कडेचा भाग मानून तिथे वेगळी किंमत सांगितली, तर प्रश्नाला उत्तर नसते. एका बिंदूला सपाट जागेत वजनच नाही. पाणी त्याला विचारत नाही. लबेग यांनी तीन मितींतले उदाहरण दिले: आत घुसलेला, टोकाकडे फारच झपाट्याने निमुळता होत जाणारा काटा. त्याच्या टोकावर सांगितलेली किंमत आत पोचतच नाही. कडेवरचा कोणता बिंदू आपले म्हणणे आत पोचवू शकतो आणि कोणता नाही, याची पूर्ण कसोटी नॉर्बर्ट वीनर यांनी १९२४ साली दिली. प्वाँकारे यांची सोपी कसोटी आपल्याला पुरते: बिंदूला बाहेरून एखादा शंकू टेकवता आला की झाले. धरणाचे उतार, माथा, पायथ्याचे कोपरे या कसोटीत आरामात बसतात.

२०१९ साली रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा भिंत खेकड्यांनी पोखरली या दाव्याची बरीच चर्चा आणि थट्टा झाली. खरे कारण काय हा वेगळा विषय. पण जलाशयात उघडणारे कुठलेही बीळ गणिताच्या लेखी नवी सीमा असते. त्याला जाडी असते, त्यामुळे ते झारेम्बांच्या बिंदूसारखे गप्प बसत नाही. जलाशयाचे जलशीर्ष ते भिंतीच्या आत खोलवर घेऊन जाते आणि उरलेल्या मातीतले सगळे आकडे बदलतात. भिंतीवरची झाडेझुडपे आणि बिळे काढण्याचा आग्रह यासाठीच असतो.

तिसरा फास सर्वांत फसवा. पाण्याकडची बाजू खोल, तिथे मोजमाप अवघड; कोरडी बाजू हाताशी. मग कोरड्या उतारावरच जलशीर्ष आणि प्रवाह दोन्ही नीट मोजावे आणि तिथून आत आत गणित करत जावे, असे कुणालाही सुचेल. ज्याक आदामार यांनी चांगल्या प्रश्नाच्या कसोट्या घालून दिल्या: उत्तर असावे, एकच असावे आणि माहितीत किंचित बदल झाला तर उत्तरातही किंचितच बदल व्हावा. वर सुचवलेली रीत शेवटच्या कसोटीत सपशेल नापास होते.

आदामार यांनीच दिलेले उदाहरण आकड्यांत पाहू. कडेवर जलशीर्ष अगदी बरोबर आहे, पण प्रवाहाच्या मोजमापात बारीक लाटांसारखी चूक आहे. लाटांची दाटी १० धरली आणि चुकीची उंची ०.१, तर एक एकक आत गेल्यावर उत्तरातली चूक ११० होते. दाटी २० केली आणि चूक निम्मी, म्हणजे ०.०५, तर आतली चूक ६ लाखांच्या वर जाते. मोजमाप सुधारले तरी उत्तर बिघडले! जलशीर्ष आणि प्रवाह दोन्ही एकाच कडेवर सांगणे लाटेच्या समीकरणाला मानवते, विवृत्तीय समीकरणाला नाही. पायथ्याला बसून पोटातली खबर काढता येत नाही. म्हणून भिंतीच्या आतच पिझोमीटर पुरतात आणि दाब जागेवर मोजतात.

न दिसणारी कड

आता वरची कड. ओली माती जिथे संपते आणि कोरडी सुरू होते ती रेषा अभियंत्यांच्या बोलण्यात फ्रिएटिक लाइन. तिच्यावर दोन गोष्टी माहीत आहेत: दाब हवेएवढाच, म्हणून जलशीर्ष त्या जागेच्या उंचीएवढे, आणि पाणी तिला ओलांडत नाही, तिच्या कडेकडेने वाहते. म्हणजे दिरिक्ले आणि नॉयमान दोघेही एकाच कडेवर! आत्ताच म्हटले की विवृत्तीय प्रश्नाला हे पचत नाही. पण इथे रेषा कुठे आहे हेच ठाऊक नाही. एक अट आत वापरायची, दुसरी त्या रेषेची जागा शोधायला. जास्तीची अट जास्तीच्या अज्ञाताने फिटते.

अभियंत्यांनी ही रेषा हाताने काढायला फार पूर्वी सुरुवात केली. आर्थर कॅसाग्रांदे यांनी १९३७ च्या लेखात अन्वस्त काढून दोन्ही टोकांना दुरुस्ती करण्याची जी रीत सांगितली, ती मृदा-अभियांत्रिकीच्या वर्गात आजही शिकवतात. पण असे उत्तर असते आणि एकच असते याची पक्की सिद्धता उशिरा आली. इटलीच्या क्लाउदिओ बायोक्की यांनी १९७१ साली उभ्या कडांच्या धरणासाठी युक्ती काढली. अज्ञात रेषेचा पाठलाग सोडून त्यांनी एक नवी राशी घेतली, जी ओल्या भागात धन आणि कोरड्या भागात शून्य राहते. रेषा न सांगता सगळ्या आयतावर एकच असमानता मांडता आली, आणि तिला एकमेव उत्तर असल्याचे सिद्ध झाले. रेषा त्या उत्तरातून आपोआप बाहेर पडते.

पाझर किती? उभ्या कडांच्या आयताकृती भिंतीसाठी ज्यूल द्युपुई यांचा नियम आहे: दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या खोलींच्या वर्गांतला फरक घ्या, पारगम्यतेने गुणा, भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागा. एका बाजूला २० मीटर पाणी, दुसरीकडे शून्य, जाडी ४० मीटर आणि पारगम्यता सेकंदाला एका मीटरचा कोटीवा भाग. भिंतीच्या दर मीटर लांबीमागे रोजचा पाझर सुमारे ४३ लिटर येतो. माती शंभर पट सच्छिद्र घेतली तर ४,३०० लिटर. आणि फ्रिएटिक लाइन? ती जागची हलत नाही. एकाच मातीच्या भिंतीत रेषेचा आकार पारगम्यतेवर अवलंबून नसतो. चिकणमाती असो की वाळू, स्थिरावल्यावर पाणी तेवढ्याच उंचीवर येते. पाझर कमी दिसतो म्हणून भिंत आत कोरडी आहे असे समजणे धोक्याचे.

काळी माती आणि मुरूम

रेषा खाली आणायची तर माती बदलावी लागते. महाराष्ट्रातल्या धरणांत सहसा मधला गाभा काळ्या चिकण मातीचा असतो, त्याला हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांना मुरमाचे केसिंग. पारगम्यता हद्दीवर एकदम उडी मारते. मुरूम गाभ्याच्या हजार पट पाणी सोडत असेल, तर हद्द ओलांडताना जलशीर्षाचा उतार गाभ्यात हजार पट होतो. जवळजवळ सगळे जलशीर्ष गाभ्यातच खर्ची पडते आणि कोरड्या बाजूच्या केसिंगमध्ये रेषा खाली उतरते.

गणिताला मात्र इथे नवी अडचण येते. हद्दीवर उतार तुटतो, म्हणून जुन्या अर्थाने समीकरण लिहिताच येत नाही. हिल्बर्ट यांनी सुचवलेली सैल व्याख्या इथे कामी येते: प्रत्येक बिंदूवर समीकरण पाळण्याऐवजी कुठल्याही छोट्या तुकड्यावर पाण्याची आवक-जावक जुळली की पुरे. अशा उत्तराचे अस्तित्व आणि एकमेवत्व देणारे लॅक्स आणि मिलग्रम यांचे प्रमेय १९५४ चे. हे उत्तर भलतेसलते तर नसेल ना, या शंकेचे निरसन १९५७ च्या सुमारास एन्नियो दे जॉर्जी आणि जॉन नॅश यांनी एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना केले: पारगम्यता दोन मर्यादांच्या आत कशीही वेडीवाकडी बदलो, जलशीर्ष सलगच राहते, त्यात उडी येत नाही.

जलशीर्ष सलग असले तरी उताराची खात्री नाही, विशेषतः कोपऱ्यांवर. भारतीय अभियांत्रिकीतला या विषयाचा सर्वांत मोठा धडा याचाच. पंजाबच्या कालव्यांवर काम केलेले ए. एन. खोसला यांनी बोस आणि टेलर यांच्यासह १९३६ साली पारगम्य पायावरच्या बंधाऱ्यांचा ग्रंथ काढला. लाप्लासचा सीमा-मूल्य प्रश्न सोडवून त्यांनी दाखवले की सपाट फरशीच्या खालच्या टोकाला उभी अडभिंत नसेल, तर तिथे बाहेर पडणाऱ्या पाण्याचा उतार अनंत होतो. प्रश्नाला उत्तर आहे, एकच आहे, स्थिरही आहे. पण ते उत्तर सांगते की त्या कोपऱ्यावरची वाळू उचलली जाणार. ४ मीटर जलशीर्ष, २४ मीटर फरशी आणि टोकाला ३ मीटर खोल अडभिंत घेतली तर त्यांच्या सूत्राने बाहेर पडतानाचा उतार सुमारे ०.२ येतो. भरड वाळूला हा काठावर पास, बारीक वाळूला नापास. अडभिंत आणखी खोल न्यायला हवी.

रंगीत चित्रावर किती विश्वास

आज भिंतीचा छेद संगणकाला दिला की क्षणात रंगीत चित्र मिळते. आत तीच सरासरीची जाळी चालते, फक्त बिंदू लाखांनी. पण बिंदू सांत असल्यामुळे संगणक फसव्या प्रश्नालाही आकडे देतो. सगळ्या कडांवर फक्त प्रवाह भरला तरी तो कुठला तरी दाब काढून देईल. आदामार यांच्या प्रश्नालाही सुबक रेषा काढून देईल. जाळी बारीक करत गेल्यावर आकडे कशाकडे तरी स्थिरावतात की उधळतात, ते पाहायचे काम माणसाचे. कोपऱ्यावरचा उतार प्रत्येक बारीक जाळीला वाढतच गेला तर ती कार्यक्रमातली चूक नसते. तिथे खोसला यांचा अनंत उतार दडलेला असतो. म्हणून छेद देण्यापूर्वी प्रत्येक कडेवर बोट ठेवून विचारावे: इथे काय ठाऊक आहे, नेमकी एकच गोष्ट सांगितली आहे ना, आणि कुठे तरी पातळी दिली आहे ना?

हे सारे स्थिर पाझरापुरते. उन्हाळी आवर्तने सुटली की जलाशय उतरत जातो. तो फार झपाट्याने उतरला तर पाणी खाली जाते, पण मातीत मुरलेले पाणी तितक्या लवकर निघत नाही. बाहेरचा आधार गेलेला, आतला दाब तसाच, आणि पाण्याकडचा उतार घसरण्याचा धोका उभा राहतो. काळ पुन्हा समीकरणात येतो, आणि त्याबरोबर अन्वस्तीय समीकरणे. पुढचे प्रकरण त्यांचे.